रिकाम्या वर्गाचा निरोप

मी शाळेतला शिपाई. शिक्षण चौथीतच अडकलं, पण अक्कल वाटायची हौस भारी. परवा तिसरीचा वर्ग मोठ्या खोलीत हलवला. बाकं मीच वाहिली. पोरं मात्र नव्या दारातच अडली. मी म्हटलं, "चला रे, आत भूत नाही!" तोवर भूत कुणाच्या डोक्यातही नव्हतं. छकुली तर रडायलाच लागली.

शिकाऊ बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही गप्प बसा बरं." त्यांनी पोरांना परत जुन्या, रिकाम्या वर्गात नेलं. "घरातून निघताना आपण काय म्हणतो? तेच याला सांगा."

पोरं ओरडली, "येतो!"

भिंतींतून उलट आलं, "येतो..."

पोरं हसली. मला मात्र वाटलं, माणसं उठून गेली की खोली एकटी काय करत असेल? आपल्या मागोमाग निघत असेल काय?

नव्या खोलीत पोरं निमूट शिरली. छकुली बाकावर जरा सरकून बसली, शेजारी जागा ठेवून. मी दार लावायला गेलो तर म्हणाली, "थांबा ना मामा. तो यायचाय अजून."

मी दार धरून उभा राहिलो. पायाजवळून काहीतरी गार आत गेलं, तेव्हा हळूच लावलं.