आबांची मिशी आणि स्वयंपाकघराचा पत्रा

आमच्या आबांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्यांची मिशी आणि दुसरा स्वयंपाकघरावरचा सिमेंटचा पत्रा. मिशी तालमीच्या दिवसांपासूनची, दोन्ही टोकं गालावर चढलेली, तुपाचं बोट लावून वळवलेली. पत्रा त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला. ज्या बारकाईनं ते पत्र्याची देखभाल करत, त्याच्या निम्म्यानं जरी त्यांनी माझ्या प्रगतिपुस्तकाकडं बघितलं असतं, तर मी आज कुणीतरी झाले असते. पण प्रगतिपुस्तकावर मिरच्या वाळत घालता येत नाहीत.

हो, मिरच्या. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराला पुढं दोन खोल्या स्लॅबच्या आणि मागं स्वयंपाकघर पत्र्याचं. मे महिन्यात तो पत्रा तव्यासारखा तापायचा आणि आई त्यावर वर्षाच्या चटणीच्या मिरच्या पसरायची. तिची अट एकच, पत्रा लख्ख पाहिजे, मागच्या पावसाचं वाळलेलं शेवाळ मिरच्यांना लागता कामा नये. मग आबा शिडी लावायचे, तारेचा ब्रश घ्यायचे आणि पत्रा असा खरवडायचे, जणू तो त्यांच्या पाठीवरचा मळ आहे. मी खाली शिडी धरून. वरनं पांढरी-करडी भुकटी माझ्या केसांवर, नाकात, डोळ्यांत. तासाभरानं मी बाहेर यायचे ती अंगाला भस्म फासलेल्या साधूसारखी. गल्लीतल्या बायका हसायच्या आणि वर म्हणायच्या, "आबा, आमचा बी पत्रा तेवढा घासून द्या की!" आबा द्यायचे. नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सगळ्या गल्लीचे पत्रे त्यांनी घासले, फुकट आणि अभिमानानं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा दादाचं लग्न झालं. वहिनी कसबा बावड्याची. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, आणि सासऱ्यांसमोर पदर सावरून उभी राहणारी. लग्नाला चार महिने झाले आणि मे आला. आबा ब्रश घेऊन शिडीवर चढले, पहिला हात मारला, भुकटी उडाली, आणि दारातून आवाज आला, "मामा, खाली उतरा!"

आबांच्या हयातीत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. आई पोळपाट-लाटण्यासह बाहेर आली. दादा नेहमीप्रमाणे दुसरीकडं बघू लागला. आबा उतरले, ते आज्ञा पाळायची म्हणून नाही, हे कोण बोललं ते बघायला.

वहिनी पदर सावरून उभी होती. पण बोलली. तिचे वडील शाहूपुरीत एका दुकानात गिऱ्हाइकांना पत्रे मापानं कापून द्यायचे. कोरडा पत्रा, करवत, दिवसभर तीच भुकटी. पुढं त्यांना जिना चढता येईना, मग चालता येईना, मग बोलता येईना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडं धरून तिला समजावलं होतं, की या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. पत्रा धड असला, गप पडलेला असला, तर त्याच्याखाली बसून जेवा. घासला, कापला, फोडला, की ते तंतू हवेत उडतात, श्वासातून आत जातात आणि तिथनं बाहेर येत नाहीत.

"एका बापाला मी धाप लागताना बघितलंय," ती म्हणाली. "दुसऱ्याला न्हाय बघायचं मला."

आबांनी मिशीचं टोक पिळलं. मग म्हणाले, "मग पत्र्याचं करायचं काय?"

"काय न्हाय करायचं."

"काय न्हाय म्हंजे?"

"म्हंजे काय बी न्हाय. घासायचं न्हाय, भोक पाडायचं न्हाय, मिरच्या स्लॅबवर वाळवायच्या. त्याला नुसतं ऱ्हाऊ द्यायचं."

मी तुम्हाला सांगते, आबांना कुणी उपास करायला सांगितलं असतं तर जमलं असतं. काहीही न करणं त्यांना जमेना. ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि पत्र्याकडं असे बघायचे, जसं बक्षीस हुकलेला पैलवान आखाड्याकडं बघतो. दिवसातून दोनदा म्हणायचे, "शेवाळ दिसतंय गं." वहिनी आतून म्हणायची, "दिसू द्या, मामा." ब्रश तिनं पिशवीत गुंडाळून कुठं ठेवला, ते कुणाला सांगितलं नाही. मी पैजेवर सांगते, दादालाही नाही.

असं सुरळीत चाललं असतं. पण आमची पेठ फुटबॉलची. पुढच्या वर्षी, पाऊस पंधरा दिवसांवर आला असताना, गल्लीतल्या पोरांनी मारलेला एक चेंडू आमच्या पत्र्यावर पडला. त्या फटक्यानं गोल झाला असता, असं पोरं अजून सांगतात. आमच्याच स्लॅबला लागून असलेल्या पत्र्याच्या पानाला आरपार चीर गेली आणि दोन टवके आमटीच्या पातेल्याशेजारी पडले.

आमटी गेली. वहिनीनं केरसुणीकडं गेलेला आईचा हात धरला आणि ते टवके, ती धूळ ओल्या फडक्यानं टिपून घेतली. फडकंसुद्धा पिशवीत बांधून टाकलं. मग म्हणाली, आता मात्र हा पत्रा काढावा लागेल. गड्याला सांगितलं तर तो हातोडा घालून फोडून काढणार. दादाला सांगावं, तर दादा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर कुलदैवताला हाका मारतो. राहिले आबा. वर्षभर रिकामे बसलेले आबा! त्यांचा चेहरा असा उजळला, की चेंडू त्यांनीच मारला असावा अशी मला शंका आली.

वहिनीनं पद्धत सांगितली. पत्रा पाण्यानं चिंब करायचा, बोल्ट पान्यानं सोडवायचे, पत्रा अख्खा उचलायचा, वर पाय द्यायचा नाही, आणि तोंडावर मास्क. साधा रुमाल नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क. तो तिनं कुठून तरी चौकशी करून आणला होता. आबांनी तो तोंडाला लावला. वहिनीनं चारी बाजूंनी बोट फिरवलं आणि हात मागं घेतला.

"काय झालं?" आबा आतून म्हणाले.

"बसत न्हाय, मामा."

"का?"

वहिनी जमिनीकडं बघू लागली. मी काही बोलणार नव्हते, पण माझा स्वभाव. म्हटलं, "आबा, मिशी."

दोन्ही टोकं मास्कच्या बाहेर, गालावर, डौलात. त्यांच्याखालून वारा खुशाल आत-बाहेर करणार. आबांनी मास्क काढला, टेबलावर ठेवला आणि फिरायला निघून गेले. त्यांनी आयुष्यात मिशी एकदाच उतरवली होती, त्यांचे वडील गेले तेव्हा. आमच्याकडं मिशी तेव्हाच उतरते.

वहिनी त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "गड्यालाच सांगू या. मीच उभी राहीन." आईनं तिला दटावलं, "तू उभी ऱ्हाऊन तुझ्या छातीत जायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा न्हाव्याकडून परतले, तेव्हा मी ओळखलंच नाही. वाटलं, कुणी पावणं आलंय. वरचा ओठ इतका कोवळा, इतका गोरा, की बघायला संकोच वाटावा. ते कुणाकडं न बघता आत गेले आणि पाण्याच्या बादल्या भरू लागले.

पण न्हाव्याच्या दुकानापासून आमच्या घरापर्यंत पेठ आहे, आणि पेठेला डोळे आहेत. दहा मिनिटांत आधी शेजारच्या काकू आल्या, पदर डोळ्याला लावूनच. "कवा झालं वो?" आईला काही कळेना. मागून तालमीतले दोघं आले, टोप्या हातात. "आबा, निरोप तरी द्यायचा. खांदा द्यायला आलो असतो की!" एका म्हातारीनं दारातच गळा काढला, आणि कोण गेलं हे तिलाही माहीत नव्हतं. काकूंनी माझं डोकं छातीशी धरलं. मला हसू आवरेना, त्यांना वाटलं मी हुंदके देतेय, म्हणून त्यांनी आणखी घट्ट धरलं.

शेवटी आबा बादली घेऊन बाहेर आले. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं आणि ओरडले, "कोण गेलं न्हाय! कोण जाऊ नये म्हणून काढलीया!"

म्हातारी मध्येच थांबली. वहिनी दाराआड होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. ती हसत होती की रडत होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही.

माणसं आलीच होती, तर परत कशी जातील? वहिनीनं सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडं उभं केलं, पोरांना तर त्यांच्या-त्यांच्या घरात कोंडलं. आबा पुढच्या खोल्यांच्या स्लॅबवर मास्क लावून उभे. दादा खालून बादल्या देत होता, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. "पत्र्याला आंघोळ घालतायसा व्हय?" पलीकडून कुणीतरी ओरडलं. आबांना बोलता येईना, त्यांनी फक्त पाना उगारला. एक-एक बोल्ट सुटला. पत्रा ओला, जड, अख्खा खाली आला आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीनं बंद झाला. आबांचे कपडे अंगणातच वेगळ्या बादलीत भिजले.

तेवढ्यात टोपी हातात घेतलेल्यांपैकी एक जण पुढं आला. "आबा, ते चिरलेलं पान आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर चालंल की. मापानं कापून घेतो."

आबांनी आजवर कुणाला कधी नाही म्हटलं नव्हतं. ते त्या पुडक्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय. मागायचं असलं तर मिशी माग, ती न्हाव्याकडं पडलीया."

ते पुडकं पुढं कित्येक वर्षं मागच्या भिंतीला टेकून तसंच बंद राहिलं. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायचे, त्याला हात लावू नका. दोन हजारच्या दशकात घर नव्यानं बांधलं, तेव्हा बाकीचे पत्रेही असेच भिजवून, अख्खे उतरले, आणि असला कचरा नीट नेणारा माणूस शोधून वहिनीनं सगळं एकदमच त्याच्या ताब्यात दिलं.

मिशी पुन्हा आली. पण आबा ती ओठाबाहेर जाऊ देईनात. गल्लीत कुणाचा पत्रा फुटला, की त्यांना बोलावणं यायचं, आणि चेंडू काही थांबले नव्हते. दर महिन्याला ते आरशासमोर मास्क लावून उभे राहायचे आणि हाक मारायचे, "सूनबाई, बघ गं."

वहिनी पिठाचे हात पुसत यायची आणि चारी बाजूंनी बोट फिरवायची. "डावीकडनं थोडी वाढलीया, मामा," म्हणायची, आणि कात्री आणायला जायची.