एकोणीस दिवस ‘सब ठीक’

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तर सीमेवर, बर्फातल्या एका पोस्टवर होतं. मी हवालदार, गाव डिंगोरे. सकाळी सहाला रेडिओवर कंपनीला रिपोर्ट द्यायचा, “सब ठीक, सर.” अंगात ताप असो, बोटं सुजलेली असोत, रिपोर्ट तोच. अठरा वर्षांत जिभेला तेवढंच वळण पडलं.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही पेट्रोलवर निघालो. ०९१० वाजता वरून बर्फ सुटला. लान्स नायक सुरेश, आमच्याच भागातल्या आळे गावचा पोरगा, यानं मला ओढून बाहेर काढलं आणि रेडिओ ऑपरेटरसाठी परत गेला. ऑपरेटरला त्यानं वर ढकललं. तेवढ्यात दुसऱ्यांदा बर्फ आला. सुरेश सापडला तो संध्याकाळी, गार पडलेला. माझा मणका दुखावला होता. पाय असून नसल्यासारखे झाले.

पेन्शन घेऊन घरी आलो. सहा वर्षं व्हीलचेअर. डिंगोऱ्याहून आळे काही लांब नाही, पण सुरेशच्या आईला भेटायला गेलो नाही. चौघांनी उचलून गाठोड्यासारखं तिच्या दारात ठेवावं, हे मला नको होतं. जाईन तर पायावर, असा हट्ट. माझी बायको सुनंदा मला दगड म्हणते, उगाच नाही.

मग पुण्यातल्या एका हॉस्पिटलात, मणक्याला मार लागलेल्यांसाठी नव्या उपचाराची चाचणी सुरू झाली, त्यात माझं नाव लागलं. कमरेवर चिकटपट्ट्या लावून हलका करंट द्यायचा आणि त्याच वेळी पायांचा व्यायाम करायचा. डॉक्टर मॅडमनी आधीच सांगितलं, “गुण येईलच असं नाही. तेच तर आम्ही शोधतोय.” मशीन घरी दिलं, सोबत एक वही. रोज जे होईल ते लिहायचं.

मी लिहिलं, ‘सब ठीक’. एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी तपासणीला गेलो. मॅडम वही चाळत होत्या. सुनंदाला राहवलं नाही.

“अवो मॅडम, कसलं ठीक! दुपारभर पाय उडत्यात यांचं. आन् कमरंवर बघा, ह्यो एवढा फोड! म्या म्हनलं सांगा, तर माझ्यावरच डोळं वटारत्यात.”

मॅडमनी पट्टी उचलून पाहिलं. “कधीपासून?”

“पाच दिवस, मॅडम.”

“लपवलंत का?”

“नाव कापाल म्हणून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त भ्या वाटलं.

“हवालदार साहेब, तुम्ही ठीक लिहिलंत की बाकीच्या पेशंटनाही आम्ही तेवढाच करंट देत राहतो. त्यांनाही तिथं नीट जाणवत नाही. एखादा भाजला तर?”

वाटेत सुरुंग दिसावा आणि मागून येणाऱ्या सेक्शनला मी सांगूच नये, तसला गुन्हा होता हा. लाज वाटली, फार वाटली.

माझं मशीन बंद झालं. वरच्या कमिटीला कळवलं, सगळ्यांची तपासणी झाली. आणखी एकाची कातडी लाल झालेली निघाली, वेळेत. माझं नाव राहतं की जातं, तीन आठवडे कळेना. मग फोन आला.

“या. पण खरं लिहायचं.”

लिहिलं बाबा. दुखलं तर दुखलं. चिडलो तर चिडलो. एका पानावर ‘आज रडलो’ असंही आहे. चौथ्या महिन्यात डाव्या पायाचा अंगठा हलला. “अगं बया, हाललं की वो!” म्हणत सुनंदानं गल्ली गोळा केली. पुढे वॉकर धरून दोन-तीन मिनिटं उभा राहू लागलो. हळूहळू चार पावलं. एवढंच, पण माझं आहे.

गेल्या महिन्यात आळ्याला गेलो. अंगणापर्यंत व्हीलचेअर, तिथून वॉकर. सुरेशच्या आईसमोर उभा राहिलो आणि कुणालाच न सांगितलेलं सांगितलं.

“मावशी, मला बाहेर काढल्यावर सुरेशनं विचारलं होतं, ‘भाऊ, पाय हलत्यात का?’ हलत नव्हते. मी म्हणालो, ठीक आहे मी, तू जा. खरं बोललो असतो तर तो माझ्यापाशी थांबला असता.”

पाय थरथरत होते. मावशीनं डोळ्यांना पदर लावला.

“आन् त्या दुसऱ्याला कोन काढनार व्हतं?” ती म्हणाली. “माझं पोरगं न्हाई थांबलं आसतं. बस आता. च्या ठेवते.”