बुबूचं मत

हा देश आपल्या एकट्याच्या भरवशावर चालला आहे, अशी आमच्या थोरल्या मामांची पक्की समजूत होती. पलटणीतून सुभेदार होऊन ते रहिमतपूरला परतले, ते पिशवीत राज्यघटनेची प्रत घेऊनच. सांगलीला हळद विकायला निघाले तरी ती पिशवी खांद्याला. एस.टी.च्या थांब्यावर एकटे असले तरी ते रांगेत उभे राहत. बांधावरून दोघांची जुंपली की मधे जाऊन एखादं कलम वाचत. त्याचा बांधाशी काही संबंध नसे, पण ऐकून ऐकून भांडणारे दमत आणि घरी जात. आम्हा भाचरांना ते अहो-जाहो करत. "उद्याचे मतदार हायत," म्हणत. म्हशीला मात्र अगं-तुगं.

त्या साली मिरवणुकीत कुठूनसा दगड आला आणि दोन पेठा एकमेकींकडे पाठ करून बसल्या. त्यातच नगरपालिकेची निवडणूक लागली. धाकटे मामा उभे होते. मतदारयादी आली, तर बुबूचं नाव खोडलेलं. बुबू म्हणजे गावातल्या तीन पिढ्यांच्या लेकीसुनांना बांगड्या भरणारी मुसलमान म्हातारी. ती गाव सोडून गेली, असा कुणीतरी अर्ज दिला होता. थोरले मामा तिला घेऊन कचेरीत गेले. मीही बरोबर होतो. कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. खाली सही धाकट्या मामांची.

मामांनी अर्ज सहीसकट पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "सायेब, अर्ज माझ्या सख्ख्या भावाचा हाय, आणि खोटा हाय. लिवून घ्या."

नाव परत लागलं. संध्याकाळी धाकटे मामा दारात येऊन कडाडले, "दादा, माझ्यापरीस ती जवळची झाली व्हय?"

"जवळची न्हाई रं," मामा म्हणाले. "तुझ्याएवढीच हाय, या देशाची."

त्या दिवसापासून भावांचं बोलणं तुटलं.

मतदानाच्या दिवशी बुबू केंद्रातून बाहेर आली ती हसतच. "सुभेदार, धाकट्यालाच दिलं बगा. ल्हानपनी माज्याच अंगनात रांगलाय त्यो."

मामा एकदम ओरडले, "आवं, सांगू नका! मत गुप्त असतंय!" आणि माझ्याकडे वळून, "तुमी काय ऐकलं न्हाई."

धाकटे मामा पडले, आणि त्याचं खापर जन्मभर बुबूच्या पेठेवर फोडत राहिले. एका वाक्यात त्यांचं तोंड बंद झालं असतं. कदाचित दोघे भाऊ पुन्हा शेजारी जेवायलाही बसले असते. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मामा, सांगून टाका की."

"ते माझं न्हाई. बुबूचं हाय," म्हणाले आणि उपरण्याने चष्मा पुसत बसले.

धाकटे मामा त्या अबोल्यातच गेले. आता तिघंही नाहीत. मी हे आज पहिल्यांदाच सांगतोय, आणि तरीही थोरल्या मामांना न विचारता बोलल्यासारखं वाटतंय.