डुकरासाठी वळलेला उंडा

आमच्या शेताच्या बांधाला किल्ल्याचा खंदक लागून आहे. निजामाची फौज जाऊन जमाना झाला. आता तिथे अभयारण्याची पाटी आहे. लोक मोर बघायला येतात, फोटो काढतात. आमच्या वाट्याला मात्र तिथली रानडुकरं आली.

त्या वर्षी वेळ अमावस्येला, शेतात पूजा करून तिथेच जेवायच्या सणाला, मी लातूरहून गावी गेले, तर अर्धा हरभरा मुळासकट उकरलेला. माझं डोकंच फिरलं. दादाने कुठून तरी गावठी बॉम्ब आणून ठेवला होता, डुकराने चावला की फुटणारा. पण लावायची त्याची हिंमत होईना.

"लई पाप हाय," तो म्हणाला.

"मग बस रडत," मी म्हणाले. शेतातल्या जेवणात उरलेला बाजरीच्या पिठाचा उकडलेला उंडा फोडून त्यात तो मीच भरला आणि पुन्हा गोल वळला. दिवस मावळायच्या आत दादाने तो खंदकाच्या ढासळलेल्या भिंतीपाशी ठेवला.

त्याच दिवशी पूजेनंतरचा पहिला उंडा मी आमच्या गाभण गायीला भरवला होता. दर वर्षी मीच भरवायची. उंड्याच्या वासाने ती माझा हात चाटून ओला करायची. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

सकाळी आईने तिला चरायला सोडलं. आईला आम्ही काही सांगितलंच नव्हतं. मी चहा पीत होते आणि धडाका झाला. मोरांनी किल्ला डोक्यावर घेतला. धावत गेलो तर गाय उभीच होती. खालचा जबडा उडाला होता. जीभ लोंबत होती, रक्ताच्या चिळकांड्या पुढच्या पायांवर उडत होत्या. दात हरभऱ्यात पडले होते.

आई ऊर बडवायला लागली, "कुण्या मुडद्यानं केलं गं हे? हात झडतील त्याचे!"

दादा खाली बघत राहिला. मी त्याच्या आड लपले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

गायीने मला शोधलं. पाय ओढत ती माझ्याजवळ आली आणि ते फुटलेलं तोंड माझ्या हाताशी आणून उभी राहिली, नेहमी खायला मागायची तशी.

"आई, मीच केलं," मी म्हणाले.

आईच्या शिव्या थांबल्या. ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली.

दुपारी गाय पोटातल्या वासरासकट मेली. वेळ अमावस्येचे उंडे आता आई एकटीच वळते. मला परातीला हात लावू देत नाही.