न वाचलेलं चौथं प्रकरण

मी पीएचडी खोटं बोलून मिळवली.
हे माहीत असलेला एकमेव माणूस आज पहाटे चेन्नईजवळ तांबरममध्ये वारला.

राव सर. माझे गाईड.
तंजावरचे मराठी, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. त्यांचं जुनं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे स्वतःचंच मराठी उथळ वाटायला लागलं.

मी चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात ट्रेनिंग बघतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कराडहून आलो तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं काढू आणि पुण्याला पळू.
तेवढ्यात शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचं खूळ डोक्यात शिरलं.
विषय घेतला: समजणं म्हणजे काय, आणि ते परीक्षेत मोजता येतं का?

दर रविवारी ट्रेनने तांबरम.
सर लिहिलेलं वाचायचेच नाहीत. कागद उलटा ठेवायला लावायचे आणि म्हणायचे, आता बोल. जे बोलता येत नाही, ते तुला कळलेलं नाही.
मला हे फार पटलं. तिथेच घोळ झाला.

आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांना पर्मनंट करायला एक टेस्ट असायची. मॅन्युअल पाठ केलं की पास.
मी म्हटलं, घोकंपट्टी बंद. प्रत्येक प्रश्न ‘का?’ विचारणारा. तमिळमध्ये लिहायची मुभा.
स्वतःवर जाम खूश होतो मी.
मॅनेजमेंट माझ्याहून खूश. कारण पास होणारे, म्हणजे पर्मनंट करावे लागणारे, एकदम कमी झाले.

सेल्वी नऊ वर्षं इन्स्पेक्शनला होती. पार्टच्या कडेवरून अंगठा फिरवायची आणि खराब माल बाजूला काढायची. नंतर मापाचं गेज लावलं की तिचंच खरं निघायचं.
तिचा पेपर कोरा.
मी विचारलं, तुला तर सगळं येतं, मग लिहिलं का नाहीस?
तमिळमध्ये म्हणाली, “सार, ते अंगठ्याला कळतं. तोंडाला नाही कळत.”
पुढच्या महिन्यात तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. कोणी वाढवलं नाही.

रविवारी सरांना हे सांगितलं. मामींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, आणून ठेवलेली कॉफी निवून गेली.
मग सर म्हणाले, “हें लिही. हेंच तुझं चौथं प्रकरण.”
मी म्हटलं, सर, हे लिहिलं तर तुमचीच पद्धत खोटी ठरते.
“ठरूं दे पा.” हा ‘पा’ म्हणजे तमिळ ‘बाबा’. “तीं गप्प बसलीं म्हणून मी किती मुलांस नापास केलं असेल.”

लिहिलं मी. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर. प्रिंटही तिथलीच. एक प्रत प्रिंटरवर राहिली, हा माझा शहाणपणा.

एचआरने बोलावलं. टेस्टबद्दल बाहेर काही जाता कामा नये, म्हणाले. आणि त्याच बैठकीत प्रमोशनचं पत्र हातात. तुमची टेस्ट आता कंपनीच्या तिन्ही प्लान्टला लावू.
फ्लॅट बुक केला होता. बायकोला सातवा महिना. कारणांना काय तोटा.
मी प्रकरण काढून टाकलं. पाचव्याला चौथा नंबर दिला.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. बोलता आलं तरच कळलं, हे तत्त्व फसलेलं एखादं उदाहरण तुमच्या पाहण्यात आहे?
मी म्हटलं, नाही.
सर शेजारीच बसले होते. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

अभिनंदनं आटोपल्यावर कँटीनमध्ये हळूच म्हणाले, “उत्तर चोखट नव्हतं तुझं. आणि मीही तोंड उघडलं नाहीं. तूं अडकशील म्हणून.”
चोखट म्हणजे शुद्ध. आपल्याकडे हा शब्द आता पोथीतच सापडतो.

त्यानंतर भेटलो की एकच विचारायचे. चौथं प्रकरण कधी ऐकवतोस?
मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.
पुढे पुढे मी तांबरमला जाणंच टाळायला लागलो. लाज वाटायची. सरळ सांगतो, त्यांची भीतीही वाटायची.

आज गेलो. ती पानं बॅगेत घेऊन गेलो. वाटलं होतं, सरांच्या कानाशी बसून वाचेन.
मामींनी जमलेल्या माणसांना माझी ओळख करून दिली, “हे डॉक्टर. ह्यांचे फार लाडके विद्यार्थी.”
बॅग उघडलीच नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये पानं मांडीवर उलटी ठेवली आणि मनातल्या मनात बोलून पाहिलं. शब्द न् शब्द येतो मला.
म्हणजे सरांच्या जुन्या नियमाने मला सगळं कळलंय.
कळून मी काय केलं, ते कृपा करून कमेंटमध्ये विचारू नका.

उद्या सकाळी नऊ वाजता तिन्ही प्लान्टला टेस्ट आहे.
पेपर मीच काढलाय.

सर, तुम्ही मला सोडवायला गप्प बसलात. मी अजून इथेच आहे.
शेवटचा नमस्कार.