पुढच्या खोलीतली चौथी

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. नोकरीला नव्हे, नांदायला.

म्हणजे घर आमचंच होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी. आमचे हे गावच्या शाळेचे मुख्याध्यापक (मास्तर दोनच होते, त्यामुळे मुख्य होणं फारसं अवघड नव्हतं). शाळेलाही खोल्या दोनच. दुष्काळ सरल्यानंतरच्या एका वैशाखात असा वारा सुटला की त्यातल्या एका खोलीचे पत्रे उडून गेले. ते कुठे गेले, याचा चार दिवस कुणाला पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी ते सरपंचांच्या गोठ्यावर दिसले, चांगले खिळे मारून बसवलेले! पण सरपंच हेच शाळा समितीचे अध्यक्ष. पत्रे परत मागायचे तर अर्ज अध्यक्षांच्या मार्फतच द्यावा लागणार होता. त्यामुळे तो विषय कुणी काढला नाही.

सरपंचांनी मात्र शाळेची काळजी वाहिली. आमच्या ओसरीवर बसून, माझ्या हातचा चहा पीत ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं घर शाळेला लागूनच हाय. तिसरी-चौथी तुमच्या पुढच्या खोलीत बसवा. तात्पुरतं!"

"तात्पुरतं म्हंजे किती?" मी आतून विचारलं.

"वहिनी, पंधरा दिवस. बिलकुल पंधरा दिवस!"

त्या पंधरा दिवसांत माझे दोन पावसाळे गेले.

वर्ग आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि ती भिंत छातीपर्यंतच होती. त्यामुळे तिकडचा भूगोल इकडे आणि इकडची फोडणी तिकडे. मिरचीची फोडणी पडली की अख्खी चौथी ठसकायची आणि हे फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "जरा हळू!" (फोडणी हळू कशी घालायची, ते मला त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.) आमच्याकडे कुठली भाजी शिजतेय, हे शाळा सुटताच साऱ्या गावाला कळायचं. आम्हा नवराबायकोला भांडायचं असलं तर मधली सुट्टी होईपर्यंत थांबावं लागे. एकदा मला दम निघाला नाही आणि मी भिंतीवरून विचारलं, "घरात तेल न्हाई हे तुम्हाला कितींदा सांगायचं?" तर तिसरीतली सगळी पोरं एका सुरात ओरडली, "तीनदा सांगितलं, बाई!"

मी थकले होते. राग येण्याच्याही पलीकडे थकले होते. त्यात नणंदेचा, शांताबाईंचा निरोप आला. पहिलं बाळंतपण, पौषात दिवस भरणार, आणि ते माहेरी होणार. माहेर म्हणजे आम्ही. आता बाळंतिणीची खाट कुठे टाकायची? फळ्याखाली?

यांनी पंचायत समितीकडे अर्जांवर अर्ज केले. उत्तर एकच यायचं, पाहणी झाल्याशिवाय नवीन खोली मिळणार नाही. आणि पाहणीला कुणी यायचं नाही. अखेर कार्तिकात कळलं की विस्तार अधिकारी साहेब तपासणीला येताहेत. त्या दिवशी हे मला लग्नानंतर प्रथमच मुत्सद्दी वाटले. घरात सासूबाई आणि मी, ओसरीवर सरपंच, अशी त्यांनी सभाच घेतली.

"दर तपासणीला आपण काय करतो? चुना मारतो, सडा टाकतो, तोरण बांधतो. साहेब म्हणतात, छान आहे, आणि निघून जातात. या टायमाला कुणी काडी बी हलवायची न्हाई! गळणारी ओसरी, धुरकटल्या भिंती, सगळं साहेबांना बघू द्या. मंग बघा कशी जल्दी खोली मिळते ते."

"बराबर!" सरपंच म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली. मीही डोलावली. इतका एकमताचा ठराव आमच्या गावात त्याआधी झाला नव्हता.

तपासणीच्या दिवशी सकाळी उठून पाहते तो सासूबाई ओसरी सारवताहेत! कडेने पांढऱ्या मातीचा पट्टासुद्धा ओढून झालेला.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या? काही करायचं न्हाई ठरलं व्हतं ना?"

"मी कुठं काय करू राह्यले? पाहुणा काय उकरलेल्या भुईवर बसल का? एवढं नुसतं सारवते."

त्यांचं म्हणणं मला पटलं. सारवलेल्या भुईला काजळलेली भिंत शोभेना, म्हणून मी फळ्यामागच्या भिंतीला थोडासा चुना मारला. मग बाकीच्या तीन भिंती वाईट दिसायला लागल्या. चुना वाळतोय तोवर पेटीतला रुखवताचा पडदा काढून खिडकीला लावला (तो एरवी कधी लागणार होता?). मागे वळून पाहते तर हे खुर्चीवर चढून चुन्याच्या ओल्या भिंतीवर गेरूने सुविचार लिहिताहेत!

"अहो! तुम्ही पण?"

"भिंत कोरी बरी दिसत न्हाई. एकच लिहितो," असं म्हणत त्यांनी सात लिहिले आणि खाली वेल काढली.

तेवढ्यात डोक्यावर ठोकाठोक सुरू झाली. बाहेर येऊन बघते तर सरपंचांचे गडी आमच्या गळक्या ओसरीवर पत्रे बसवताहेत. तेच पत्रे! शाळेचे! साहेबांनी 'उडालेले पत्रे कुठे आहेत' म्हणून विचारलं तर काय, या धास्तीने सरपंचांनी गोठा उघडा करून ते आमच्यावर आणून घातले होते. "शाळंचं सामान शाळंवरच पाहिजे, वहिनी," ते घाम पुसत म्हणाले.

आता सगळं बिघडलंच आहे तर निदान जेवण तरी धड व्हावं, म्हणून मी कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आणलेला गूळ काढला आणि पुरण शिजायला टाकलं.

साहेब आले ते बैलगाडीतून, अंगभर धूळ घेऊन. वयस्क, बारीक चणीचा, दमलेला माणूस. सारवलेल्या ओसरीवर, पत्र्याच्या सावलीत बसून ते तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. यांना वाटलं, साहेब विचार करताहेत. ते झोपले होते.

जाग आल्यावर ते वर्गात गेले. आमची शेवटची आशा पोरांवर होती. यांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, साहेबांनी अडचण विचारली की दणकून सांगायची. पण इतक्या वर्षांत आमच्या पोरांना तपासणीचं एकच उत्तर पाठ झालेलं.

"काय रे, इथे बसायला काही अडचण?"

"न्हाई साहेब!" पोरं छत हादरेल अशी ओरडली.

"जागा पुरते?"

"होय साहेब!"

हे पोरांच्या मागे उभे राहून नाही-नाही अशी मान हलवत होते. ते पाहून पुढच्या रांगेतला एक चुणचुणीत पोरगा उठला. मला वाटलं, आता हा तरी बोलेल. तो म्हणाला, "साहेब, लई भारी हाय इथं. गुरुजींच्या बाई मधल्या सुट्टीत भाकरीवर तेल-मीठ देतेत!"

तेल संपण्याचं कारण आमच्या यजमानांना त्या दिवशी कळलं.

साहेब जेवायला बसले. दुसरी पोळी संपल्यावर यांनी धीर केला. "साहेब, हे घर आमचं आहे. घरात पौषात बाळंतपण आहे. खोलीचं काही..."

साहेबांनी घास खाली ठेवला. "गुरुजी, मला दिसत नाही का? पण मी सकाळपासून तीन शाळा फिरलो. एकीला छप्पर नाही. एकीला भिंतच नाही, पोरं लिंबाखाली बसतात. एकीत सगळं आहे, फक्त मास्तर नाही. समितीकडे यंदा खोली एकच आहे. तुम्हीच सांगा, कुठे देऊ?"

मी भिंतीआड उभी होते. माझ्या तोंडाशी आलं होतं, की साहेब, ही भिंत आज सकाळची आहे, हे पत्रे उद्या जाणार आहेत, आणि माझी नणंद काय चुलीवर बाळंत होणार? सगळं धडाधडा सांगायचं म्हणून मी पदर खोचून बाहेर आले. साहेबांनी मान वर केली. दमलेले डोळे, ओठाला तूप लागलेलं.

"साहेब, अजून एक पोळी वाढू का?" मी म्हटलं.

हे खाली बघत म्हणाले, "लिंबाखालच्यांना द्या, साहेब." मला यांचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी यांच्या पाठीत लाटणं घालावंसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पत्रे गोठ्यावर परत गेले.

पौषात शांताबाई स्वयंपाकघरात बाळंत झाल्या. कळा सुरू झाल्या तेव्हा शाळा भरलेली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून यांनी पोरांना पाढे म्हणायला लावले, आणखी मोठ्याने, आणखी मोठ्याने! एकोणतीसच्या पाढ्यात बाळ रडलं आणि पाढा तिथेच थांबला. एका पोरीने विचारलं, "गुरुजी, हजेरीत नवीन नाव आलं का?" त्या दिवशी शाळा लवकर सुटली.

मग मार्च आला. मार्च आला की पंचायत समितीला न झालेला खर्च आठवतो. जुन्या साहेबांची बदली झालेली, नवे साहेब तरुण. ते निरोप न पाठवता सायकलवर आले. सायकलीचा काही आवाज येत नाही हो! त्या दिवशी मी पुढच्या खोलीत अर्ध्या जागेत चिंचा फोडायला पसरल्या होत्या, अर्ध्या जागेत चौथी बसली होती. महाराष्ट्राच्या नकाशाच्या दोरीवर बाळाचे लंगोट वाळत होते. कोंबडी टेबलावर. साहेब आत आले, चिंचेत बसले, आणि उठले तेव्हा अर्धी चिंच पँटबरोबर उठली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्याला तेल, हाताला चिंच, आणि काखेत भाचा.

आठवड्यात खोली मंजूर झाली! चावडीत साऱ्या गावासमोर यांनी साहेबांचा शेरा वाचून दाखवला: "वर्ग ज्या घरात भरतो ते घर अत्यंत अस्वच्छ असून मुलांच्या आरोग्यास अपायकारक आहे. नवीन खोली तातडीने देण्यात यावी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी तर गूळ वाटला.

मी घरी येऊन रडले. "अत्यंत? अत्यंत लिहायची काय गरज व्हती? खोली परत करा म्हणावं, पण तो शब्द खोडा!"

"अगं, त्याच शब्दानं खोली मिळाली!"

"मंग एकदा बोलवा त्यांना चहाला. येऊन बघू द्या माझं घर!"

नवीन खोली उभी राहिली, चौथी गेली. मी पुढची खोली रिकामी केली, सारवली, चारी भिंतींना चुना दिला, रुखवताचा पडदा धुऊन लावला. माझा रोजचा तगादा ऐकून हे शेवटी साहेबांना घेऊन आले. साहेब उंबऱ्यातच थांबले. मी पदर सावरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"वा, वहिनी! काय टापटीप आहे!" ते म्हणाले. मी भरून पावले. मग मी दिलेल्या चहाचा घोट घेत, चारी कोपरे नीट न्याहाळत ते यांच्याकडे वळले. "गुरुजी, तुमच्या शाळेला यंदा पाचवी मंजूर होतेय. जागेची पंचाईत होती. आता इथेच बसवू या की. तात्पुरतं!"

यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी काहीतरी बोलणं भागच होतं.

"साहेब," मी म्हटलं, "चहात साखर बराबर हाय ना?"