खोटुं आणि खोटं

मंगळवार, उत्तरायणानंतरचा आठवडा, सकाळची वेळ. हजर: हॉस्पिटलचे संचालक डॉक्टर, एच.आर.चे साहेब, मेट्रन म्हणजे मी, आणि जिची चौकशी होती ती आमची स्टाफ नर्स. गैरहजर: रुग्ण. त्यांचा जबाब मी आदल्या दिवशीच घेऊन ठेवला होता.

विषय एकच. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले एक गुजराती काका वॉर्डात होते. त्यांची सकाळची ब्लडप्रेशरची गोळी द्यायची राहिली, कारण शेजारच्या खाटेवरच्या बाईंना एकाएकी धाप लागली आणि ही तिकडे धावली. इथवर फार बिघडलं नव्हतं. पण राउंडच्या आधी चार्टवरची रिकामी जागा पाहून तिने तिथे लिहिलं, ‘रुग्णाने गोळी नाकारली.’ डॉक्टरांनी काकांना दटावलं, तेव्हा ते म्हणाले, “मने कोईए पूछ्युं ज नथी.” मला कुणी विचारलंच नाही. प्रेशर दुपारपर्यंत आटोक्यात आलं. उरलं ते तिचं वाक्य.

चूक ठरली तर लेखी समज. खोटेपणा ठरला तर नोकरी जाणार, नर्सिंग कौन्सिलला कळवावं लागणार, आणि नोंदणी गेली की तिला कुठलंच हॉस्पिटल दारात उभं करणार नाही. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी प्रश्न क्रमाने काढून नेले होते. पहिल्याच प्रश्नाला ती खाली बघत म्हणाली, “माराथी खोटुं लखाई गयुं, साहेब.”

संचालक मागे रेलले. “बस, कबूल करी लीधुं. माणस छे, भूल थाय.”

माझं पेन मात्र थांबलं. जन्म बडोद्यातला, तरी हा शब्द मला अजून अडतो. गुजरातीत चुकलेलं गणितही खोटुं आणि मारलेली थापही खोटुंच. मराठीत गणित चुकतं, माणूस खोटं बोलतो. ती मराठी घरातली. मी मराठीतच विचारलं, “चुकून लिहिलंस, की माहीत असून लिहिलंस?”

एच.आर.चे साहेब हसले. “बेन, मराठी सेव-उसळ पूरती राखो. अहीं गुजरातीमां.”

ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “तुम्हाला वाटेल ते लिहा, मावशी.”

ड्यूटीवर मॅडम म्हणायचं, असं मीच तिला बजावलं होतं. सुभानपुऱ्यात आम्ही एकाच सोसायटीत राहतो. पोरीला नर्सिंगला घाला, हेही तिच्या आईला मीच सांगितलेलं. मावशी हा शब्द साहेबांना कळला. मला वाटलं, आता मला समितीतून काढतील. झालं उलटंच. “तो तो तमे ज लखो, बेन,” तेच म्हणाले. “तमे एने वधारे ओळखो छो.” तुम्हीच लिहा, तुम्ही तिला जास्त ओळखता. संचालकांनी मान हलवली. खुर्च्या सरकल्या, खोली रिकामी झाली.

अहवाल इंग्रजीत द्यायचा असतो, आणि तिथे या शब्दाला आडोसा नाही. ‘इनकरेक्ट’ किंवा ‘फॉल्स’, एकच निवडायचं. गोळी विसरली, ती चूक होती. काकांनी नाकारली, हे खोटं होतं. दर नव्या बॅचला मी सांगते, दिलं नाही तर दिलं नाही म्हणून लिहा, पुढचं मी बघेन. तिनेही ते ऐकलेलं आहे.

संध्याकाळी तिची आई जिन्यात उभीच होती.

“ताई, पोरगी जेवत नाही. म्हणते, सगळं मावशींच्या हातात आहे. मग काळजी कशाला, नाही का?”

“समिती ठरवते,” मी म्हणाले.

“समितीत मराठी कोण आहे?”

मी किल्ली शोधत राहिले. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टने जायचं ठरवलं, तर त्या लिफ्टमध्येच होत्या. त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि देताना म्हणायचं ते काहीच म्हणाल्या नाहीत. 

काकांना घरी सोडलं, त्या दिवशी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. “छोकरीने कंई न करशो, बेन,” ते म्हणाले. मी मान हलवली, तेवढ्यात त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “पण एणे मारुं नाम केम घाल्युं?” मुलीला काही करू नका, पण तिने यात माझं नाव का गोवलं? दोन्ही त्यांनी सारख्याच आवाजात म्हटलं.

संचालकांचा निरोप रोज येतो. अहवालाची पानं लागली आहेत, मुद्द्यांना क्रमांक घातले आहेत. दोन्ही साहेबांनी आपल्या सह्या आधीच करून दिल्या आहेत, म्हणजे माझं काम अडायला नको. चौथ्या मुद्द्यात एका शब्दाची जागा मोकळी आहे. ती भरायची राहिली आहे.